पाहुण्याचं पाणी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइपाच्या मशीनीत कागद चढवला अन् दोनदा काढून चुलीत टाकला. आज तिसऱ्यांदा बसलो. अब्बा मारेगावले गेले आहेत, दुकानात गिऱ्हाईक नाही, आता नाही लिहिलं तर मग कधीच नाही.

यातली नावं मी बदलली आहेत. गावाचंही नाव लिहीत नाही, घाटंजीपासून तीन कोसावर आहे एवढंच समजा. माह्यं नाव तेवढं खरं आहे. मी जफर, निजामुद्दीन मिस्त्रीचा पोरगा. आम्ही तेलाचे इंजन दुरुस्त करतो. शाळा चौथीपर्यंत, बाकी जे येते ते वाचून अन् खोलून शिकलो.

गोष्ट श्रावणच्या विहिरीची आहे. श्रावण माह्या लहानपणचा दोस्त. त्याच्या बापाचं, पुंडलिकराव काकाजीचं, वावर गावापासून अर्ध्या कोसावर. घरही तिथंच, वावरात. आजूबाजूले आणखी दोन घरं. पाणी मात्र गावातल्या मोठ्या विहिरीचं. इंदुताई काकू, म्हणजे श्रावणची माय, अन् त्याची बायको, दोघी रोज डोक्यावर पाण्याचे पितळी गुंड घेऊन अर्धा कोस जात अन् अर्धा कोस येत. म्हणून मागच्या वैशाखात, बासष्ट साली, काकाजीनं घराजवळच विहीर खोदली. जागा निवडली ती गुरांच्या कोठ्याच्या मागं. कोठा तिथं, उकंडा तिथं, पिढ्यान् पिढ्या शेण पडून माती काळीभोर झालती. काकाजी म्हणत, "जिथं माती अशी, तिथं पाणी कसं असन, तूच सांग."

पाणी लागलं. चांगलं कमरेइतकं लागलं. पण जरासं मचूळ. मीही ओंजळभर पेलो. वाईट नाही वाटलं, पण गोडही नाही. जिभेच्या मागं काहीतरी राहून जाये.

शेती खात्याचे एक साहेब तेव्हा फिरत होते. त्यांनी काकाजीले पाण्यासाठी एक बाटली अन् मातीसाठी दोन कापडी थैल्या देल्या. म्हणाले भरून यवतमाळले पाठवा, तपासून कागद येईल. मी सामान आणाले यवतमाळले जाणारच होतो. काकाजी म्हणाले, "जफर, तू जाऊनच राह्यला त हे बी घेऊन जा."

मी सकाळी सायकल घेऊन त्यांच्याकडं गेलो. काकू राखेनं बाटली घासून राह्यल्या होत्या. अशी घासली का आरशासारखी केली. मग पदराखाली धरून गावाकडं निघाल्या.

मी म्हटलं, "काकू, विहीर त इथं आहे. तिकडं कुठं?"

"गावात. मोठ्या विहिरीवर."

"काहून?"

काकूनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी काही येड्यासारखं बोललो. "साहेबाच्या घरी जाणार हाये ना बाटली? मंग? असं मचूळ पाणी द्याचं त्यायले? आपली काही इज्जत हाये का नाही?"

"साहेब पिणार नाही काकू. तपासणार आहे."

"तपासणार म्हणजे चाखूनच पाहीन ना बाप्पा!"

मी हसलो. खरंच हसलो. श्रावण दारात उभा राहून दात घासत होता, तोही हसला. काकाजीनं तोवर मातीच्या दोन्ही थैल्या भरल्या होत्या, त्याही आंब्याखालच्या मातीनं, जिथं नांगर न लावता वांगी येतात. मले त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी तरी काय? पाहुणा आला का अम्मी आमच्या विहिरीचं पाणी त्याच्यापुढं ठेवत नाही. मले मशिदीच्या विहिरीवर पिटाळते. पाहुण्याचं पाणी वेगळं असते, हे मी बोलायले लागलो तेव्हापासून जाणतो.

काकू घामाघूम होऊन परत आल्या. बाटलीले बूच, बुचावर फडकं, फडक्यावर सुतळी. मी ते यवतमाळच्या हापिसात नेऊन देलं. कारकुनानं विचारलं, "याच विहिरीचं आहे ना?" मी म्हटलं, "हो."

हे एक अक्षर मी तेव्हा बोललो. ते इथं लिहिलं. आता पुढं लिहू शकतो.

पोळ्याच्या आधी कागद आला. पाणी पिण्यास व ओलितास योग्य. जमीन उत्तम. खाली शिक्का. काकाजीनं तो कागद हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला. त्या दिवसापासून त्या घरानं मोठ्या विहिरीवर जाणं सोडलं. शेजारची दोन घरंही तिथूनच पाणी नेऊ लागली. तुरीचं वरण शिजत नाही, साबणाले फेस येत नाही, बाया आपसात बोलत, पण कागदावर योग्य लिहिलं होतं. मग जिभेचं कोण ऐकते?

दिवाळीनंतर मी तिथं पाच हॉर्सपॉवरचं इंजन बसवलं. गहू अन् मिरची भिजू लागली. पौषात श्रावणले पोरगी झाली. नाव ठेवलं विमल. वहिनीले बाळंतपणात ताप भरला, तो हटला तोवर दूध आटलं होतं. म्हणून पोरीले गाईचं दूध, पाणी घालून.

(गिऱ्हाईक आलतं. पंपाचा वायसर घेऊन गेलं. पुन्हा बसलो.)

माघात श्रावण दुकानात आला. "जफऱ्या, इंजन तापून राह्यलं बे. अर्ध्या घंट्यात हात लावू देत नाही."

"तेल पाह्यलं?"

"तेल हाये. तुह्याच हातचं हाये म्हणून तापत असन."

"माह्या हातचं आहे म्हणून चालून तरी राह्यलं."

गेलो त्याच्यासंग. सिलिंडरच्या भोवती पाणी फिरायची पोकळ जागा असते, आम्ही तिले जाकीट म्हणतो. विहिरीचंच पाणी त्यातून फिरून इंजन थंड ठेवते. मी वरचं झाकण, हेड, उतरवलं अन् आत बोट घातलं. बोट गेलंच नाही. वाटच नव्हती. आत पांढरा खार, चुन्यासारखा, पण दगडाइतका कडक. छन्नी अन् हातोडी घेऊन फोडला तेव्हा शिंपल्यासारखे तुकडे पडले.

असा खार मी पाह्यला आहे. पण तो तीन-चार साल चाललेल्या इंजनात. इथं तीन महिने नव्हते झाले.

"काय निघालं बे?" श्रावणनं विचारलं.

"खार."

"पाण्याचा?"

नजर वावराकडं गेली. गव्हाच्या वाफ्यावर पांढुरकी पापडी आलती. पाणी पडे तिथं माती डिंकासारखी चिकट अन् सुके तिथं विटेसारखी. गहू टाचेइतका होऊन पिवळा पडलता. श्रावण पापडी बोटानं उचलून म्हणाला, "वावराले मीठ लागलं पाह्य. आता नुसती भाकर आणाची."

त्याले हसू आलं. मले नाही आलं. माह्या डोळ्यापुढं काकू होत्या, पदराखाली बाटली धरून गावाकडं जाताना.

तपासलं ते पाणी या विहिरीचं नव्हतं. या विहिरीचं पाणी कोणी तपासलंच नव्हतं. अन् हे तीन घरं पिऊन राह्यली होती.

तेव्हाच बोलायले पाहिजे होतं. मी हेड बसवलं, बोल्ट आवळले, अन् म्हटलं, "आता नाही तापणार काही दिवस." अन् सायकलवर बसलो.

घरी आलो तर जेवण गेलं नाही. अम्मीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिले सांगितलं. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "पानी का नाम मत ले बेटा. पानी में कुछ निकला तो सब पहले येइच पूछते, हाथ किसका लगा था."

ती खोटं नव्हती बोलत. मागच्या साली केळापूरकडं एका विहिरीत इंजनाचं तेल उतरलं तर लोकांनी मिस्त्रीले झाडाले बांधलं. तेल त्यानं नाही टाकलं, नळी फुटली होती. पण बांधलं. अन् इथं तर बाटली माह्या हातानं गेली. कारकुनाले हो मी म्हटलं. इंजन माह्यं. काकाजी म्हणतील, कागद आला तवा पाणी चांगलं होतं, तुह्यं इंजन बसलं अन् बिघडलं. याले मी काय उत्तर देणार? काकूनं दुसरं पाणी भरलं, मी पाह्यलं, अन् चूप राह्यलो, हे?

अकरा दिवस मी चूप राह्यलो. मोजलेले आहेत. रोज सकाळी वाटे आज जावं. रोज काहीतरी काम निघे. काम मीच काढत होतो.

नवव्या दिवशी श्रावण बाजारात भेटला. त्याच्या तोंडावर झोप नव्हती. म्हणाला, "पोट्टी अलगच दिसून राह्यली बे."

"अलग म्हणजे?"

"ओठ काळे. जांभूळ खाल्ल्यावानी. नखं बी. रडत नाही जास्त, नुसती पडून राह्यते. माय म्हणते नजर लागली. वैद्यबुवा म्हणे पाणी उकळून द्या."

"मग?"

"उकळून देऊन राह्यलो ना. माय त अर्धं होईपर्यंत उकळते."

उकळलेल्या पाण्यानं काय होते हे मले कळलं नव्हतं, डॉक्टर थोडीच आहे मी. पण भीती कळते. मी त्याले म्हटलं, "येतो मी उद्या." अन् उद्या गेलो नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. दुपार होती. अंगणात शेजारचे हरिसिंग अन् आणखी दोघं बसलेले. आत गेलो. वहिनी भिंतीले टेकून बसली होती, मांडीवर पोरगी. मी कधी असं लेकरू पाह्यलं नाही. गोरं लेकरू, पण राखेच्या खाली ठेवल्यासारखं. ओठ निळे, निळ्यापेक्षाही काळे. डोळे उघडे अन् कुठंच पाहत नव्हते. मी बोट त्याच्या मुठीत देलं. मूठ आवळली नाही.

काकू चुलीपाशी. गंजातलं, मोठ्या पातेल्यातलं, पाणी अर्ध्यावर आलं होतं, तरी जाळ चालूच. म्हणाल्या, "ये बाप्पा. अजून थोडं उकळू दे. जितकं उकळीन तितकं साफ." त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं अन् गंज उपडा करून ठेवाले माह्याकडं फिरवला.

गंजाच्या आत पांढरी साय. सगळीकडून, बुडापासून गळ्यापर्यंत.

मी हात घातला. नखानं खरवडलं. नखात आला तो तोच खार, जो जाकिटातून काढला होता. इंजन पाणी तापवते अन् खार मागं ठेवते. काकूही तेच करून राह्यल्या होत्या. पाणी उडून जात होतं अन् जे वाईट होतं ते सारं पोरीच्या वाटीत घट्ट होऊन राह्यलं होतं. जितकं उकळलं, तितकं.

"काकू, ते देऊ नका," मी म्हटलं. "ते पाणी पोरीले देऊ नका."

काकाजी दारात आले. "काय म्हणतं रे?"

"हे पाणी वाईट आहे काकाजी. इंजनात मी पाह्यलं. अकरा दिवस झाले पाह्यलं."

"काय वाईट हाये?" ते देव्हाऱ्याकडं गेले अन् कागद घेऊन आले. कागद माह्या तोंडापुढं धरला. "हे वाच. तुले वाचता येते ना? योग्य लिहेल हाये का नाही? सरकारी शिक्का हाये का नाही? इंजन तुह्यं खराब, अन् नाव माह्या विहिरीचं घेतं?"

अंगणातले तिघं दारापाशी आलते. मले केळापूरचा मिस्त्री आठवला. खरं सांगतो, पाय दाराकडं वळले होते.

मग पोरीनं उचकी देल्यासारखा आवाज काढला, लहानसा.

"काकाजी, तपासलं ते पाणी या विहिरीचं नव्हतं," मी म्हटलं. "मी घेऊन गेलो होतो. मले माहीत होतं. मी कारकुनाले खोटं सांगितलं."

"मंग कोणत्या विहिरीचं होतं?"

मी काकूकडं पाह्यलं नाही. जमिनीकडं पाह्यलं. पण चुलीपाशी गंज खाली ठेवल्याचा आवाज आला. अगदी हळू ठेवला त्यांनी, जसा काही तो फुटणार होता.

"मोठ्या विहिरीचं," काकू म्हणाल्या. "मीच भरली होती. पाहुण्याले देतो तसं."

काकाजीनं कागद घडी केला, पुन्हा उघडला, पुन्हा घडी केला. मग श्रावणनं, तो इतका वेळ कोपऱ्यात उभा होता, दमणीले बैल जुंपाले घेतले.

दमणी गावातून नेली. मोठ्या विहिरीपाशी काकू उतरल्या. पाणी शेंदून लोटा भरला, अन् तोच लोटा धरून बसल्या घाटंजीपर्यंत. घाटंजीच्या डॉक्टरनं पोरीले पाह्यलं अन् हात लावायच्या आत म्हणाले, "यवतमाळ. आत्ताच्या गाडीनं." एसटीत जागा नव्हती. लोकांनी पोरीचं तोंड पाह्यलं अन् जागा झाली. श्रावण सारा रस्ता पोरीच्या छातीवर हात ठेवून बसला. ओठ हलत होते त्याचे. श्वास मोजत होता. एकदा मोजता मोजता थांबला अन् माह्याकडं पाह्यलं, तेव्हा मीही श्वास घेणं विसरलो. मग पुन्हा त्याचे ओठ हलले.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोरीच्या टाचेले सुई टोचली. रक्त निघालं. लाल नव्हतं. काथासारखं होतं, पानवाल्याच्या हातावर असते तसं. वहिनीनं पाह्यलं अन् तोंड पदरात घातलं.

डॉक्टर तरुण होते. पहिला सवाल: "पाणी कुठलं पिता?" मी सांगितलं. कोठा, उकंडा, विहीर, उकळणं, सारं. ते मान हलवत राह्यले. मग म्हणाले, "उकळल्यानं जंतू मरतात. खार मरत नाही, घट्ट होतो. शेणमुताचा खार जमिनीतून झिरपून तुमच्या विहिरीत उतरला आहे. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. दूधपित्या लेकराचं रक्त मात्र तो असं करून टाकतो." त्यांनी सुई भरली. औषध निळं होतं, कपड्याच्या निळीसारखं.

श्रावण म्हणाला, "निळ्या पोरीले निळंच औषध, साहेब?"

"हो. थांबा अन् पाहा."

आम्ही पाहत राह्यलो. घंटाभरात ओठाच्या कडा बदलल्या. मले वाटलं खिडकीतला उजेड बदलला असेल. मग विमल रडली. असं रडली का सारा वार्ड वळून पाहू लागला. श्रावण बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला.

चौथ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात आम्ही दोघं कडुनिंबाखाली बसलो होतो. आत काकू पोरीले लोट्यातलं पाणी घातलेलं दूध चमच्यानं पाजत होत्या. गावाहून येणाऱ्या माणसाजवळ रोज मोठ्या विहिरीचं पाणी मागवत, दवाखान्याच्या नळावरही त्यांचा भरोसा नव्हता.

"काकाजीनं विहिरीवर काटेरी बोराट्या टाकून पाणी बंद केलं," श्रावण म्हणाला. "पण हरिसिंगची सून पोटुशी हाये, दिवस भरत आले तिचे. ते लोक बोराट्या सारून पाणी काढून राह्यले म्हणे. त्यायले वाटते आमचं घर येडं झालं."

"मग सांगायले पाहिजे."

"सांगायलेच पाहिजे. साऱ्या गावाले." तो थोडा वेळ काडीनं माती उकरत राह्यला. "पण मायचं नाव नको घेऊ, जफऱ्या. ते चार दिवसाची जेवली नाही. गावातल्या बायायले समजलं त पाणवठ्यावर उभी नाही राहू शकणार. तुह्ये अकरा दिवस मी बी कोणाले नाही सांगणार."

मी म्हणालो, "अकरा दिवस मी स्वतःच सांगीन. ते लपवले तर पुन्हा तसाच चूप बसीन मी."

"लोक मारतील तुले."

"पाहू."

"अन् माय?"

त्याचा चेहरा तसाच होता जसा एसटीत मोजताना. मी त्याच्या हातावर हात ठेवला अन् म्हटलं, "काकूचं नाव माह्या तोंडून निघणार नाही. कागदावर लिहिलं तरी दुसरंच लिहीन. पण आजपासून जिथं इंजन बसवीन तिथं त्याच विहिरीचं पाणी, घरच्यांसमोर, माह्या हातानं बाटलीत भरीन. मचूळ असो का कडू असो. अन् इंजनाआधी ते तपासून आणीन, श्रावण. पहिली बाटली हरिसिंगच्या सुनेसमोर, तुह्याच विहिरीची. उद्या."